असंबद्ध

मिडाझोलामची कुपी बोटभरही नसते.
दोन मिलिग्रॅम. पापण्या जड होतात,
माणूस वाक्य अर्ध्यात सोडून देतो
आणि आम्ही हाडं बसवतो.
आंकुदच्या या इस्पितळात अकरा वर्षं
हेच बघत आलेय.

एदेल्मिराबाईंना आणलं तेव्हा चार वाजले होते.
उजवा खांदा निखळलेला, चिखल केसांपर्यंत.
त्या दिवशी त्यांचं घर हलवत होते.
आमच्या बेटावर हलवतात घरं,
ओंडक्यांवर चढवून, दोरखंड लावून,
बैलांच्या आठ जोड्या, ओरडायला सगळं गाव,
खिडक्यांना पडदे तसेच.
मुलाला घर रस्त्यालगत हवं होतं.
बाईंनी मध्येच दोराला हात घातला.
ओढायला की धरून ठेवायला,
कुणी विचारलं नाही.

एदेल्मिराबाई म्हणजे हळू बोलणं.
बाजारात बटाटे विकतात तेसुद्धा कुजबुजून;
वजनावर दोन जास्त टाकतात,
घासाघीस नको, बोलणं नको.
नवऱ्याची होडी रिकामी परतली
त्या आठवड्यातही म्हणे
चूल तेवढी विझू दिली नाही त्यांनी.

डॉक्टर मियालोंको म्हणाले, दोन.
मी दोन दिले. थोड्या वेळानं आणखी एक.

आणि बाई उठून बसल्या.

पुस्तकात याला एक ओळ आहे:
क्वचित, शंभरात एखाद्यालाही नाही,
शांत करणारं औषध उलट पेटवतं.
बहात्तर वर्षांच्या बाईला धरायला
चौघे लागतात, हे त्या ओळीत नाही.
आवाजाबद्दलही काही नाही.
तसला आवाज मी बैल हाकतानाच ऐकलाय.

"थांबवा! जू काढा मेल्यांनो!
उंबऱ्याखाली पोर आहे माझी.
डोक्यावर पाणी पडायच्या आत गेली,
पाद्री म्हणाला, इथं जागा नाही.
मग कुठं ठेवायची होती मी?
कुठं?"

अशा वेळी हात आपसूक सिरिंजकडे जातो,
थोडं अजून द्यावं म्हणून.
डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.
"नको. उतारा दे."
फ्लुमाझेनिल. भिंतीवरच्या घड्याळाचं एक मिनिट.
झटापटीत खांदा केव्हातरी
टक्‌कन आपला आपणच बसला होता.

बाई उशीवर टेकल्या.
डोळे मिटले, उघडले.
"सुरू कधी करताय?"
त्यांच्या नेहमीच्या, अर्ध्या आवाजात.

औषधाचा हा दुसरा गुण, आणि हा क्वचित नाही:
मधला वेळ पुसून नेतं.
ज्याच्या शिरेत जातं, त्याचाच.

तक्त्यावर मी लिहिलं: वेळ, मात्रा, उतारा.
विपरीत प्रतिक्रिया. खळबळ. असंबद्ध बडबड.
शेवटचे शब्द लिहिले
आणि पेन धरून उभी राहिले.
तक्त्यात खोडत नाहीत.

बाहेर मुलगा, आलादीनो, गुडघाभर चिखलात माखलेला.
"घर पोचलं," म्हणाला, खूश होता,
"एकच काच तडकली."
आणि मग, बऱ्याच वेळानं:
"आईचा आवाज होता का तो?"
औषधामुळं, मी म्हटलं. होतं कधीकधी.
खोटं नव्हतं ते.

आता बस टेकाडाला वळसा घालते तेव्हा दिसतं,
घर होतं तिथं फिकट चौकोन,
चार कोपऱ्यांना चार दगड.
वसंतात त्यात कुणीतरी बटाटे लावले,
सरळ ओळींत.
पुढल्या बाजूला मात्र
हातभर माती तशीच सोडलेली.

शनिवारी बाजारात गेले.
बाई वजन करता करता म्हणाल्या,
तराजूकडेच बघत,
"त्या दिवशी मी काही बोलले का?"

दुखतंय म्हणालात.

त्यांनी नेहमीसारखे दोन जास्त टाकले.
मग थांबल्या.
मग तिसरा.